फियाटच्या मडगार्डात किती टायर मावतो?

वाईजवळच्या एका तरुणाने विचारलं आहे: "काका, आजोबांची १९७८ ची पद्मिनी नीट करून घेतोय. जुने टायर तडकलेत. पुण्यात १३ इंची, ६ इंच रुंद अलॉय चाकांचा सेट मिळतोय, पीसीडी (बोल्टच्या समोरासमोरच्या भोकांमधलं अंतर) १०० मिमी. त्यावर १८५/६० आर १३ टायर घालायचा विचार आहे. मडगार्डला घासेल का? घासलं तर मागच्या मडगार्डची कड आतून थोडी कापली तर चालेल का?"

आधी सरळ उत्तर देतो. तो सेट घेऊ नकोस आणि मडगार्डला कटर लावू देऊ नकोस. साताऱ्यात माझ्या गॅरेजला येणाऱ्या जुन्या गाड्यांचे मालक हाच प्रश्न वेगवेगळ्या आकड्यांनी विचारतात, म्हणून कारणं सविस्तर लिहितो. गडबड क्रमात होते. आधी डिस्क, म्हणजे टायर ज्यावर चढतो ती धातूची रिम, पसंत पडते, मग तिच्यावर बसेल तो टायर येतो आणि शेवटी गाडीने जागा करून द्यायची असते. जुन्या गाडीत हा क्रम उलटा लागतो. आधी पत्र्याच्या आतली जागा मोजायची, त्या जागेत मावणारा टायर ठरवायचा आणि त्या टायरला जुळणारी डिस्क सगळ्यात शेवटी बघायची.

तुझी गाडी मुळात फियाट ११०० डी. मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये ती १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट म्हणून, १९७२ पासून प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी म्हणून बनली. तिचा मूळ टायर ५.२०-१४. म्हणजे ५.२० इंच रुंदीचा क्रॉस-प्लाय (आतल्या दोऱ्यांचे थर एकमेकांवर तिरके असलेला जुन्या पद्धतीचा टायर) आणि डिस्क १४ इंची. ५.२० इंच म्हणजे १३२ मिमी. त्या काळच्या क्रॉस-प्लायची उंची जवळपास रुंदीइतकीच असायची, त्यामुळे फुगवलेल्या चाकाचा पूर्ण व्यास ६१० मिमीच्या आसपास येतो. उंच आणि अरुंद चाक. त्या मडगार्डाचा गोल, मागच्या चाकावर खाली उतरलेली कड, गिअरचं गुणोत्तर, स्पीडोमीटर, सगळं या चाकाभोवती आखलेलं आहे.

आता तुझा १८५/६० आर १३ बघ. टायरवरचा पहिला आकडा मिलिमीटरमधली रुंदी, दुसरा त्या रुंदीच्या किती टक्के उंची, तिसरा डिस्कचा व्यास इंचात. मधला आर म्हणजे रेडियल, आजच्या पद्धतीचा टायर. १८५ चे ६० टक्के म्हणजे १११. वर-खाली मिळून २२२. त्यात १३ इंचांचे ३३० मिळव, ५५२ मिमी होतात. मूळ चाकापेक्षा ५८ मिमी कमी. गाडी २९ मिमी खाली बसली. स्पीडोमीटर ६० दाखवेल तेव्हा तू खरा ५४ ने चालला असशील, आणि इंजिन मात्र ६० च्या हिशेबाने फिरत असेल. चाक आणि मडगार्ड यांच्यात वर मोठी पोकळी दिसेल आणि बाजूला टायर पत्र्याला टेकेल. जागा आहे तिथे चाक नाही आणि जागा नाही तिथे ते जास्त आहे. दिसायलाही हे वाईट दिसतं. या गाडीची शोभा उंच, सडपातळ चाकात आहे, असं माझं ठाम मत आहे.

मग कोणता टायर? हिशेब करून बघ. १५५/८० आर १४ चा व्यास ६०४ येतो, म्हणजे मुळाच्या अगदी जवळ. १६५/८० आर १४ चा ६२० येतो, जेमतेम दीड टक्का जास्त. हा दुसरा साइज स्विफ्ट आणि डिझायरच्या साध्या मॉडेलांना कंपनीतूनच आलेला आहे, म्हणून तो पोवई नाक्यापासून कराडपर्यंत कुठल्याही चांगल्या टायरवाल्याकडे ताज्या तारखेचा मिळतो. जुन्या गाडीसाठी ही ताज्या तारखेची गोष्ट फार मोलाची आहे. टायरच्या बाजूवर डीओटी या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. २३१९ असेल तर २०१९ चा २३ वा आठवडा. दुर्मीळ साइज पडून पडून म्हातारा झालेला असतो. नक्षी कोरी दिसते, पण रबर कडक झालेलं असतं. पावसाळ्यात पसरणी घाटात तसल्या टायरवर ब्रेक मारायची वेळ येऊ नये.

पण १६५ म्हणजे मुळापेक्षा ३३ मिमी जास्त रुंद. प्रत्येक बाजूला साधारण १६-१७ मिमी. ती जागा तुझ्या गाडीत आहे का, हे मला इथे बसून सांगता येणार नाही, कारण चाळीस-पन्नास वर्षांत कुठलीच दोन फियाट सारखी उरलेली नाहीत. एखादीचं मागचं मडगार्ड कधीतरी ठोकून सरळ केलेलं असतं, एखादीत कडेला बोटभर पुट्टी भरलेली असते. पाट्यांचे, म्हणजे मागच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगचे, बुश झिजले की मागचा अॅक्सल एका बाजूला सरकतो. एकीकडे २५ मिमी जागा, दुसरीकडे १५, असं मी नेहमी बघतो. म्हणून मोजायच्या आधी गाडी दुरुस्त पाहिजे. पाटे बसलेले असतील तर उचलून घे, बुश, शॅकल, पाट्याचा मधला बोल्ट तपास. हबच्या (चाक ज्यावर बोल्टने बसतं त्या मधल्या भागाच्या) मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना मोज. त्यात बोटभर फरक असेल तर टायर बाजूला ठेव, आधी पाटे बघ.

मोजमाप असं कर. गाडी सपाट फरशीवर, आपल्या चाकांवर उभी. मागच्या मडगार्डच्या कडेवरून, हबच्या बरोबर वर, ओळंबा सोड. गवंड्याकडचा असतो तोच. त्या दोरीपासून टायरच्या सगळ्यात फुगीर भागापर्यंत किती जागा आहे ते लिही. मग गाडीखाली जाऊन त्याच चाकाच्या आतल्या बाजूने टायर ते पाटा, टायर ते शॉकअॅब्सॉर्बर, टायर ते आतला पत्रा. यांतली सर्वांत कमी जागा तुझी खरी जागा. चारही चाकांचं वेगळं लिहायचं. आतल्या बाजूला पाट्यापासून निदान १० मिमी आणि बाहेर कडेपासून निदान १२ ते १५ मिमी, नवा टायर बसल्यावर उरलेच पाहिजेत, हा माझा नियम. रेडियलचा गाल मऊ असतो, वजनाखाली तो खालच्या बाजूला क्रॉस-प्लायपेक्षा जास्त फुगतो. वळणावर तर आणखी.

पण उभ्या गाडीची मापं अर्धीच गोष्ट सांगतात. चाक वर-खाली होतं, पुढचं वळतंही. तुझ्या गाडीत मागे पाट्यांवर अखंड अॅक्सल आहे. एका बाजूचं चाक खड्ड्यात आणि दुसऱ्या बाजूचं वर, असं झालं की अख्खा अॅक्सल तिरका होतो आणि वरच्या चाकाचं डोकं मडगार्डच्या कडेत शिरतं. म्हणून गाडी आडवी-तिरकी करून बघायची. मागचं डावं चाक आणि पुढचं उजवं चाक जाड फळ्यांच्या थरावर चढव, मागच्या सीटवर दोन माणसं बसव, डिकीत धान्याचं पोतं टाक. आता कडेपासून किती उरलं ते बघ. मग उलट बाजूने तेच. पुढच्या चाकांचं माप स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे आणि मधे, तिन्ही वेळा घ्यायचं. पुढे टायरची खांदेबाजू मडगार्डच्या मागच्या कोपऱ्याला आणि आतल्या पत्र्याला लागते. बहुतेकजण वरची कड बघत बसतात, तिथे सहसा लागत नाही.

नवा टायर बसवल्यावरची परीक्षा आणखी सोपी. मडगार्डच्या आत, कडेला आणि पाट्याच्या समोर, शाडूच्या बोटाएवढ्या गोळ्या चिकटव. गणपतीच्या कारखान्यातून मूठभर आणलीस तरी पुरे. गाडीत चार माणसं घाल आणि सावकाश यवतेश्वरच्या घाटातून वर जाऊन ये. तिथली वळणं आणि तू नंतर ज्यावरून जाशील ते उसाच्या ट्रॉल्यांनी खणलेले रस्ते, दोन्हींचं काम त्या गोळ्या दाखवतात. गोळी दबली किंवा तिच्यावर टायरची नक्षी उठली की जागा कळली. पत्रा खरवडून किंवा टायर कापला जाऊन कळण्यापेक्षा हे किती बरं.

आणखी एक परीक्षा लोक विसरतात, आणि ती मी सगळ्यात आधी करून बघतो. फियाटच्या मागच्या मडगार्डची कड खाली आहे. मागचं चाक काढताना बॉडी उचलून अॅक्सल खाली लोंबू द्यावा लागतो. टायर रुंद झाला की फुगवलेली स्टेपनी त्या फटीतून आत जात नाही. गॅरेजमध्ये मोठा जॅक आणि घोडे असतात, तिथे सगळं बसतं. तुझ्या गाडीतल्या जॅकने, एकट्याने, पूर्ण हवा भरलेलं चाक निघतं आणि परत बसतं का, हे अंगणात करून बघ. हवा सोडल्याशिवाय चाक निघत नसेल, तर तो टायर तुझ्या गाडीला मोठा आहे, मग तो कुठे घासत नसला तरी.

आता डिस्क. डिस्कचे चार आकडे समजून घे: व्यास, रुंदी, पीसीडी आणि ऑफसेट. रुंदी टायर जिथे बसतो त्या दोन खाचांमधली. बाहेरून कडेपासून कडेपर्यंत मोजलीस तर साधारण इंचभर जास्त भरते. ऑफसेट म्हणजे डिस्क हबला जिथे टेकते तो भाग डिस्कच्या मध्यरेषेपासून किती बाहेर आहे. आकडा जितका मोठा, चाक तितकं गाडीच्या आत. अलॉयवर मागच्या बाजूला ईटी लिहून पुढे तो कोरलेला असतो. जुन्या लोखंडी डिस्कवर नसेल तर डिस्क पालथी ठेव, मागच्या कडेवर सरळ पट्टी आडवी ठेवून डिस्क हबला टेकते त्या भागापर्यंत खोली मोज आणि त्यातून डिस्कच्या बाहेरच्या रुंदीचा अर्धा भाग वजा कर.

उदाहरणासाठी समज जुनी डिस्क ४ इंच रुंद आहे आणि ऑफसेट ३०. चार इंच म्हणजे १०२ मिमी, अर्धे ५१. बाहेरच्या बाजूला ५१ वजा ३०, म्हणजे हबपासून २१ मिमी. आतल्या बाजूला ५१ अधिक ३०, म्हणजे ८१. आता ६ इंची अलॉय, ऑफसेट २५. अर्धी रुंदी ७६. बाहेर ५१, आत १०१. म्हणजे डिस्क ३० मिमी बाहेर आली आणि २० मिमी आत गेली, आणि टायर त्याहून फुगीर असणार ते वेगळंच. वर सांगितलेल्या मापांशी हे ताडून बघ. बाहेर मडगार्डची कड, आत पाटा, दोन्हीकडे अडकलास. ऑफसेट बदलून एकीकडची जागा दुसरीकडे देता येते, नवी जागा तयार होत नाही.

स्पेसर लावून चाक बाहेर आणायचा सल्ला कुणीतरी देईलच. नको. चाक बाहेर गेलं की पुढच्या बेअरिंगवर आणि किंगपिनवर तोच भार लांब दांड्याने पडतो. स्टिअरिंग जड होतं, खड्ड्यात हातातून ओढ घेतं, आणि बुश लवकर जातात. तुझ्या गाडीला पॉवर स्टिअरिंग नाही, हे लक्षात ठेव.

पीसीडीवर जास्त बोलायला हवं, कारण फियाटवाल्यांचा सगळ्यात मोठा धोका इथे आहे. चार बोल्टच्या चाकात समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यांतलं अंतर म्हणजे पीसीडी. फियाटच्या घराण्यात ९८ मिमी चालत आलेलं आहे. उनो, पालिओ, सिएना सगळ्या ९८ च्या. बाजारातल्या बहुतेक लहान गाड्यांची अलॉय १०० ची. दोन मिलिमीटरचा फरक डोळ्यांना दिसत नाही, टेपला कळत नाही, आणि चाक हबवर चढतंसुद्धा. पण प्रत्येक बोल्ट एक मिलिमीटर तिरका ओढला जातो. पहिला बोल्ट पूर्ण बसतो, बाकीचे कडेवर बसतात. दुकानदार म्हणतो, बघा बसलं. काही दिवसांनी चाक थरथरतं, बोल्ट ढिले होतात, आणि एक दिवस माळेतला एक तुटतो. व्हर्नियर घे, तुझ्या ब्रेकच्या ड्रमवर एका भोकाच्या आतल्या कडेपासून समोरच्या भोकाच्या बाहेरच्या कडेपर्यंत मोज, तीनदा मोज. जे माप येईल तेच पीसीडी डिस्कचं हवं. आणि कुणी मारुती ८०० ची डिस्क बसते म्हणाला तर ऐकू नकोस, तिचं माप ११४.३ आहे.

बोल्टची बसकही जुळली पाहिजे, निमुळत्या बोल्टला निमुळती आणि गोल बोल्टला गोल. अलॉय जाड असते, त्यामुळे जुना बोल्ट हबमध्ये अर्धाच जातो. १२ मिमीचा बोल्ट निदान १२ मिमी धाग्यात शिरला पाहिजे. सव्वा मिलिमीटरच्या आट्यांना हे साधारण दहा फेरे होतात, दीडच्या आट्यांना आठ. हाताने फिरवून मोजायचे. फार लांब बोल्ट घातलास तर तो ड्रमच्या आत जाऊन ब्रेकच्या यंत्रणेला लागतो, तेही चाक फिरवून बघायचं. १३ इंची डिस्क ड्रमवर चढते का, आणि पुढच्या हबची ग्रीसची टोपी मधल्या भोकातून बाहेर येते का, या दोन गोष्टी तर टायर चढवायच्या आधीच रिकामी डिस्क लावून बघायच्या. टायर चढलेली डिस्क कुठलाही दुकानदार परत घेत नाही.

माझा सल्ला विचारशील तर मूळ लोखंडी डिस्कच ठेव. पाचही डिस्क उतरवून साफ कर, बोल्टच्या भोकांभोवती आणि मधल्या वेल्डवर तडा आहे का बघ, बॅलन्सिंगच्या मशीनवर टायरशिवाय फिरवून डगमग बघ. सरळ निघाल्या तर रंगव आणि क्रोमच्या टोप्या चकचकीत करून बसव. डिस्कवर कोरलेली रुंदी वाच. १६५/८० ला साडेचार इंच रुंदी छान मानवते. ४ इंचांवर टायर जरा चिमटल्यासारखा बसतो, म्हणून डिस्क ४ इंची असेल आणि १५५/८० मिळत असेल तर मी तोच घेईन. जागेच्या हिशेबानेही तो सुरक्षित.

जुन्या डिस्कवर ट्यूब घालायचीच. नव्या डिस्कच्या खाचेशेजारी आतून एक उंचवटा असतो, हवा कमी झाली तरी टायरची कड तो धरून ठेवतो. ट्यूबच्या काळातल्या डिस्कवर तो नसतो. ट्यूब रेडियलसाठी बनलेली आणि त्याच साइजची घे. टायरच्या आतले कागदी स्टिकर खरवडून काढ, ते ट्यूब खातात. हलकी टाल्कम पावडर मारायची. पुढे दोन रेडियल आणि मागे दोन क्रॉस-प्लाय असं कधीही करू नकोस, गाडीची शेपूट वळणावर सुटते. पाचही एकदम बदल. पैसे कमी पडत असतील तर महिनाभर थांब.

वजन पेलण्याचं बघायला टायरवर साइजच्या पुढे आकडा असतो. ७५ म्हणजे ३८७ किलो, ७९ म्हणजे ४३७, ८२ म्हणजे ४७५. भरलेल्या गाडीचं पुढचं आणि मागचं वजन उसाच्या वजनकाट्यावर वेगवेगळं करून घे, प्रत्येकाला दोनाने भाग, आणि टायरचा आकडा त्याच्या बराच वर हवा. यात तुला अडचण येणार नाही, पण मोजून ठेवायला काही जात नाही.

आता कड कापायचं. मडगार्डची आत वळलेली कड त्या पत्र्याचा कणा आहे. ती कापली की पत्रा लुळा पडतो, रंगाला केस पडतात, पाणी दोन थरांत शिरतं आणि मग गंज आतून बाहेर येतो. असं मडगार्ड परत बनवणारे हात आता फार थोडे राहिलेत आणि नवा पत्रा मिळत नाही. शिवाय २०२१ मध्ये केंद्राने जुन्या गाड्यांचा नियम आणला आहे. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली गाडी विंटेज म्हणून वेगळी नोंदवता येते, पण चॅसी, बॉडी आणि इंजिनमध्ये मोठा फेरफार झालेला नको. ती नोंदणी रोज वापरायच्या गाडीसाठी नाही, तरी तुझी गाडी २०२८ ला ५० ची होते. तो दरवाजा आज दोन इंच टायरसाठी बंद करू नकोस. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच, कंपनीने दिलेल्या स्वरूपापेक्षा वेगळा फेरफार करता येत नाही. मडगार्डच्या बाहेर आलेलं चाक आरटीओला लांबूनच दिसतं.

टायर चढले की २६ ते २८ पौंड हवेपासून सुरुवात कर. पहिल्या ५० किलोमीटरनंतर चाकांचे सगळे बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने परत आवळ. मग अलाइनमेंट. अलाइनमेंटवाल्याला रेडियल लावलेत हे आधी सांग.

साताऱ्याला येशील तेव्हा चारही चाकांची आतली-बाहेरची मापं, ड्रमवरचं पीसीडी, डिस्कवर कोरलेली रुंदी आणि दोन्ही बाजूंची हबपासून कडेपर्यंतची उंची लिहून आण. १५५ घ्यायचा की १६५, ते त्या कागदावरून ठरवू.